विहीणबाईंचे वाफे

१ मार्च, संध्याकाळ

आज नोकरी सोडली. म्हणजे मेहुण्याच्या कार्पेटच्या दुकानातून दुपारी जेवायला घरी आलो आणि परत गेलोच नाही. राजीनामा असाच द्यावा. मोठी माणसं उगाच बोलत बसत नाहीत.

कारण लिहून ठेवतो, नाहीतर उद्या कोणीतरी म्हणेल, रागाच्या भरात सोडली. लेकीचं लग्न दिवाळीतच ठरलं होतं, परवा तारीख काढायला दोन्हीकडची माणसं बसली. मुलाच्या काकांनी मला विचारलं, आपण काय करता? मी घसा खाकरतोय तोवर लेकच म्हणाली, बाबा मामाच्या दुकानात असतात. असतात! कोपऱ्यात स्टूल असतं तसा मी असतो. अर्ध्या गावाच्या जमिनी मी या हातांनी मढवल्या. एका घरात तर मालकाचा चष्मा कार्पेटखाली गेला तरी वरून कळलं नाही, इतकं फिटिंग सफाईदार.

संकल्प: लग्नाच्या दिवशी लेकीने त्याच काकांना मान ताठ करून सांगायचं, माझे बाबा अमुक आहेत. अमुक म्हणजे काय, ते उद्या ठरवतो. लग्न एप्रिलमध्ये आहे. वेळच वेळ.

२ मार्च

ठरलं. मल्चिंग!

तारखेच्या बैठकीत बोलताबोलता विहीणबाई म्हणाल्या होत्या की गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना वाकून तण काढता येत नाही. आज मोबाईलवर एक माणूस दिसला. बंगल्याच्या बागेत फुलझाडांच्या बुडाशी लाकडाच्या चिपा पसरत होता. तण येत नाही, ओल टिकते, दिसायला झकास. आणि त्याच्या टी-शर्टवर कंपनीचं नाव.

हिला समजावून सांगितलं. ही म्हणाली, म्हणजे वाफ्यात कचरा पसरायचा. म्हटलं, प्रोफेशनली पसरायचा. ही म्हणाली, दादाला फोन कर आणि सॉरी म्हण.

मल्च म्हणजे काय, तर मातीचं कार्पेट. आणि कार्पेट म्हटल्यावर माझ्यापुढे कोण उभा राहतोय?

४ मार्च

मेहुण्याचा फोन. वाटलं, आता गयावया करणार. तो म्हणाला, भाऊजी, दुकानाची किल्ली तुमच्या खिशात आहे, परवापासून मी मागच्या खिडकीतून आत जातोय. किल्ली हिच्याकडून पाठवली. स्वतः गेलो असतो तर त्याने आग्रह केला असता.

व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली. हुद्दा: मुख्य मल्च तज्ज्ञ. छापणाऱ्याने विचारलं, बाकीचे तज्ज्ञ किती आहेत? म्हटलं, तू छाप.

८ मार्च

साइट व्हिजिट. हातात टेप, कानावर पेन्सिल. विहीणबाईंनी चहा विचारला, मी आधी मापं म्हटलं. चांगली छाप पडली असावी.

बाई दातांच्या डॉक्टर होत्या, आता रिटायर झाल्या. समोरचा बोलत असला की त्या त्याच्या डोळ्यांकडे नाही, दाढांकडे बघतात. बाग मात्र एक नंबर. कुंपणाच्या भिंतीलगत लांब वाफे, फाटकापासून पायरीपर्यंत दोन्ही अंगांना वाफे, आणि मधोमध तुतीचं झाड, त्याच्याभोवती गोल वाफा. पिटुनिया, फ्लॉक्स, डेझी. सगळी रोपं थंडीत बी पेरून केलेली, खास लग्नासाठी. लग्न रजिस्टर पद्धतीचं, सही झाल्यावर जेवणाची टेबलं याच बागेत लागणार. गुडघा दुमडत नव्हता तेव्हा पाटावर पाय लांब करून बसायच्या आणि एकेक रोप लावायच्या, असं होणारे जावई म्हणाले. तुती जावयांच्या जन्माच्या वेळची.

मी मल्चची योजना मांडली. बाई म्हणाल्या, कल्पना चांगली आहे, पण लग्नानंतर बघू. आणि कधी केलंच तर तीन बोटांचा थर पुरे, खोडापासून जरा लांब.

तीन बोटं! संकोच हो, दुसरं काय. नवीन नातं, मुलीकडच्यांना खर्चात कसं पाडायचं, म्हणून थर कमी सांगितला. कार्पेटच्या धंद्यातही हेच. गिऱ्हाईक पातळ मागतं आणि जाडावर हात फिरवत बसतं. मी मनात नोंद केली: वीतभर.

संध्याकाळी लेकीचा फोन. म्हणाली, बाबा, पाया पडते, लग्न होईपर्यंत त्या बागेला हात लावू नका. शहाणी आहे पोर. तिला सरप्राइज हवंय.

१२ मार्च

माल मिळाला! मागच्या गल्लीत झाडांच्या फांद्या छाटत होते. फांदी मशीनमध्ये घालायची की पलीकडून चिपा. हिरव्यागार, ओल्या, ताज्या. छाटणाऱ्याला म्हटलं, सगळ्या मला द्या. त्याने इतक्या आनंदाने दिल्या की मला जरा शंकाच आली. जाताना म्हणाला, काही दिवस उघड्यावर पसरून ठेवा, वारा लागू द्या. मी हसून हो म्हटलं. उघड्यावर माल ठेवायचा म्हणजे गाढवपणा. दुकानात पहिला नियम हाच: माल आला की प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळा, टेप मारा, हवेचा कण आत जाता कामा नये. नाहीतर दमट होतं, कसर लागते.

सगळा ढीग गॅरेजमध्ये आणून कार्पेटसारखा पॅक केला. एकेक गठ्ठा असा टणक की बघत राहावं. गाडी आता रस्त्यावर उभी असते. ही म्हणाली, छान, कचरा सावलीत आणि गाडी उन्हात. हिला बिझनेसमधलं कळत नाही.

२० मार्च

गठ्ठ्यांना हात लावला तर गरम! आत काहीतरी जिवंत चालू आहे. याचा अर्थ माल कसदार आहे. शिवाय गठ्ठे फुगलेत. घेतला त्यापेक्षा माल वाढला, असा धंदा दुसरा कुठला?

२४ मार्च

ही म्हणते गॅरेजमधून आंबूस वास येतो. व्हिनेगर सांडल्यासारखा, आणि त्याच्या पाठीमागून अंड्याचा. म्हटलं, नैसर्गिक सुगंध आहे, बाटलीत भरला असता तर तूच विकत घेतला असतास. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पेपर उघडला.

गल्लीतली मांजर आता आमच्या दारावरून जात नाही. समोरच्या अंगाने जाते.

२८ मार्च

कार्डं आली. सुंदर. एक उशाशी ठेवलं, एक शर्टाच्या खिशात, एक हिच्या पर्समध्ये हळूच सरकवलं. ते मघाशी डब्याखाली दिसलं, डबा डुगडुगत होता म्हणून.

ट्रायल घ्यावी असं वाटत होतं. पण आमच्या घराला बाग कुठली? दाराबाहेर चपला आणि आता गाडी, एवढंच आमचं लॅंडस्केप. असो. ज्याचा हात बसलाय त्याला ट्रायल कशाला?

१ एप्रिल

कॉन्ट्रॅक्ट मिळालं!

विहीणबाई चार-पाच दिवस बहिणीकडे चालल्यात, होणारे जावई ऑफिसच्या कामाने बाहेरगावी. फाटकाची किल्ली लेकीकडे दिली, झाडांना पाणी घालायला. लेकीला खरेदीतून सवड नाही. मी म्हटलं, मी घालतो. तिने किल्ली मुठीत धरून ठेवली. मग म्हणाली, फक्त पाणी. म्हटलं, फक्त पाणी. पुन्हा म्हणाली, बाबा, फक्त पाणी. किती विश्वास!

बाईंना घर उघडं टाकून जायचं काय कारण होतं? मला मोकळं रान मिळावं म्हणून. सुशिक्षित लोक तोंडाने सांगत नाहीत, असं सुचवतात.

२ एप्रिल, संध्याकाळ

काम फत्ते. अंग ठणकतंय, पण आतून फुलून आलोय.

पुढच्या पिढ्यांसाठी पद्धत लिहून ठेवतो. तण उपटत बसलो नाही. झाकायचंच आहे तर उपटायचं कशाला? आधी खाली अस्तर. कार्पेटखाली फोम, तसं इथे जाड प्लास्टिक. प्रत्येक रोपाभोवती कटरने नेमकी गोल भोकं पाडून रोप वर काढलं. भिंतीच्या कडेला गुडघ्याने रेटून अस्तर ताणून बसवलं, एक सुरकुती नाही. मग गठ्ठे फोडले. पहिला फोडला आणि वासाने डोळ्यांतून घळाघळा पाणी. दुसऱ्याला पंधरा पावलं मागे गेलो. तिसऱ्यापासून नाकाने काम बंद केलं, मग काही त्रास नाही.

थर वीतभर. कडेपासून कडेपर्यंत, मध्ये फट म्हणून नाही. फट राहिली की हात कच्चा असं लोक म्हणतात. रोपांच्या गळ्यापर्यंत ठासून भरलं. तुतीच्या खोडाला तर चढत चढत कमरेपर्यंत नेलं, लोडासारखं. बसून पाहिलं. मऊ आणि कोमट.

फाटकापाशी उभं राहून बघितलं आणि खरं सांगतो, माझा मलाच अभिमान वाटला. आता म्हण म्हणावं लेकीला, मामाच्या दुकानात असतात.

पाणी घातलं नाही. मल्च असल्यावर पाणी लागत नाही, हाच तर मुद्दा आहे.

३ एप्रिल

सकाळी जाऊन आलो. पिटुनियाने माना टाकल्यात. नवीन कपडे घातल्यावर पोरं लाजतात, त्यातलाच प्रकार. होईल सवय.

३ एप्रिल, दुपार

खालची पानं पांढुरकी झालीत, कडा भाजल्यासारख्या. बहुधा उन्हाचा भास.

४ एप्रिल, सकाळ

भास नाही.

फ्लॉक्स तपकिरी. डेझी तपकिरी. पिटुनियाला हात लावला तर हातातच आली. मात्र रंगसंगती बघितली तर चिपाही तपकिरी, फुलंही तपकिरी. एकच थीम. परदेशात लोक याला पैसे मोजतात.

भरपूर पाणी मारलं. आत एक थेंब उतरेना, अस्तर एवढं उत्तम बसलंय. सगळं पाणी चिपा घेऊन वाटेवर, वाटेवरून रस्त्यावर. शेजारचे गृहस्थ बनियनवर बाहेर आले आणि म्हणाले, गटार फुटलंय का? म्हटलं, नाही, लॅंडस्केपिंग चाललंय. ते आत गेले आणि खिडक्या लावून घेतल्या.

४ एप्रिल, संध्याकाळ

घाबरायचं काही कारण नाही. हार्डवेअरच्या दुकानातून हिरवा स्प्रे आणला. एका डेझीवर मारून पाहिला. डेझी आधी नुसती मेलेली दिसत होती. आता मेलेली आणि रंगवलेली दिसते.

हिला काही सांगितलं नाही. जेवताना ही म्हणाली, तुझी बोटं हिरवी का? म्हटलं, बागकामात होतं असं. दुसरी पोळी तशीच राहिली. ऊन लागलं असेल.

५ एप्रिल

विहीणबाई एक दिवस आधीच परतल्या.

मी नेमका बागेत होतो, मेलेली रोपं चिपांत आणखी खोल दाबत होतो, म्हणजे दिसणार नाहीत. फाटक वाजलं. बाई काठी टेकून उभ्या. आधी वास घेतला, मग डावीकडचे वाफे बघितले, मग उजवीकडचे. मग विचारलं, हे कोणी केलं?

मी खिशातून कार्ड काढून दिलं.

त्यांनी ते नीट वाचलं. मागची बाजूही बघितली. मग काठीच्या टोकाने चिपा बाजूला केल्या, खालचं प्लास्टिक उचललं, पुन्हा ठेवलं. तुतीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, अहो, हिरड्यांवर सिमेंट ओतल्यासारखं केलंत तुम्ही, झाड श्वास कुठून घेणार? मी म्हटलं, बाई, वीतभर आहे, सढळ हाताने केलंय.

त्या पायरीवर बसल्या. गुडघा लांब करून. सुकलेलं एक फ्लॉक्स मुळासकट हातात घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. वासामुळे, असं लिहिणार होतो. वासामुळे नव्हतं. थंडीभर एकट्या बसून मुलाच्या लग्नासाठी वाढवलेलं सगळं मी एका दिवसात जाळलं आणि वर मोजमाप सांगत होतो. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

लेक आली. ओरडेल म्हणून मी तयारीत होतो. ओरडली नाही. बाईंच्या शेजारी पायरीवर बसली, त्यांचा हात धरला आणि माझ्याकडे बघितलं नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

६ एप्रिल

सगळे कामाला लागलेत. लेक, ही, होणारे जावई. फावड्याने चिपा काढतात, पोती भरतात. मला फाटकाच्या आत यायला बंदी. बाहेर उभा राहून पोत्यांची तोंडं बांधतो. ते तरी मी उत्तम करतो. तरीही ही येऊन प्रत्येक गाठ पुन्हा तपासते.

जावयांनी कारण सांगितलं. ओल्या चिपा हवा न लागता कोंडून ठेवल्या की आंबतात, आतल्या आत तेजाब तयार होतं, आणि पसरल्यावर त्याच्या वाफेने कोवळी पानं जळतात. म्हणजे उघड्यावर ठेवल्या असत्या तर काही झालं नसतं. मी म्हटलं, मला अंदाज होताच. त्यांनी मान डोलावली. सभ्य मुलगा आहे.

तुतीच्या खोडाभोवतालचं सगळं त्यांनी हातांनी काढलं, फावडं लावलं नाही. झाड वाचेल म्हणतात. आम्ही निघालो तेव्हा मला म्हणाले, या काका. गेल्या महिन्यापासून बाबा म्हणत होते.

हिला विचारलं, लग्न मोडणार नाही ना? ही म्हणाली, त्या घरात अक्कल आहे, म्हणून नाही मोडणार. मग कूस बदलून झोपली. दुपारचे चार वाजले होते.

९ एप्रिल

लेक घरी आली. समोर खुर्ची ओढून बसली, शाळेतल्या बाई बसतात तशी. म्हणाली, बाबा, एकच मागते. लग्नाच्या दिवशी तुम्ही काहीही करायचं नाही. म्हटलं, पाहुण्यांना पार्किंग दाखवतो. नाही. टेबलांवर देखरेख? नाही. खुर्च्या सरळ? नाही. एक खुर्ची ठेवलेली असेल, तिच्यावर बसायचं.

मग म्हणाली, तुम्हाला मी नको म्हटलं होतं. तीनदा म्हटलं होतं. त्या रडत होत्या तेव्हा मला वाटलं, आता या घरात मी कुठल्या तोंडाने राहू?

मी म्हटलं, अगं, तू लोकांसमोर अभिमानाने सांगावंस म्हणून. ती उठली, मला पाणी आणून दिलं आणि गेली. रागातच होती. पण पाणी दिलं.

१२ एप्रिल

मेहुण्याचा फोन. सगळं कळलंय त्याला. हसला नाही, म्हणजे फोन बाजूला धरून हसला असावा. म्हणाला, लग्न उरकलं की या भाऊजी, तुमची जागा कोणाला दिलेली नाही. म्हटलं, विचार करून कळवतो. लगेच हो म्हटलं तर किंमत राहत नाही.

उरलेली कार्डं हिने भाजीच्या डब्यांवर नावं लिहायला घेतलीत. मेथी, मुख्य मल्च तज्ज्ञ.

१७ एप्रिल

लग्न झालं.

वाफ्यांत नुसती स्वच्छ उकरलेली काळी माती. पण सगळ्या गल्लीने आपापल्या घरच्या कुंड्या आणून मांडल्या होत्या. जास्वंद, शेवंती, कोणाची कोरफड, कोणाचं मिरचीचं झाड, बनियनवाल्या गृहस्थांचे दोन गुलाब. कुठल्याही रंगाचा कुठल्याही रंगाशी मेळ नाही. लोक मात्र कौतुक करत होते. लोकांना काय कळतं.

मी खुर्चीवर बसलो. सकाळपासून. समोरची एक कुंडी जराशी तिरकी होती. अगदी जराशी. तासभर तिच्याकडे बघत बसलो. हात शिवशिवत होते. एकदा उठायला गेलो तर विहीणबाई पलीकडून काठी उचलून माझ्याकडे रोखून बघत होत्या. बसलो.

जेवणं झाल्यावर फोटोची गडबड. मुलाचे काका माझ्यासमोर आले. यांना काही माहीत नाही, हे बिचारे बाहेरगावचे. चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, मग व्याही, हल्ली काय करता आपण? आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. हिने पदर तोंडाला लावला. मी तोंड उघडलं. काय सांगणार होतो, देव जाणे.

तेवढ्यात लेक गर्दीतून आली, अक्षरशः धावत, साडी सावरत. माझं कोपर घट्ट धरलं आणि काकांना म्हणाली, हे माझे बाबा. सध्या काहीच करत नाहीत.

विहीणबाई मोठ्याने हुश्श म्हणाल्या. मग जे सगळे हसले! ही हसली, मेहुणा खुर्चीवर बसून हसला, बाई तर काठी आपटून हसत होत्या, आणि मी त्यांच्या दाढा पहिल्यांदा बघितल्या. जावई म्हणाले, बाबा, इकडे बघा, फोटो.

अपमान वाटून घ्यायचा विचार होता. पण लेकीने कोपर सोडलं नव्हतं. फोटो झाला, दुसरा झाला, लोक पांगले, तरी ती तशीच धरून कोणाशी तरी बोलत उभी होती. माझ्या हाताला मुंग्या आल्या होत्या. मी हलवला नाही.